कनखलचे वाळीत पडलेले साधू

हरिद्वारच्या दक्षिणेला, गंगेच्या काठावर कनखल आहे. दक्षाच्या यज्ञाची जागा म्हणून त्याची ख्याती आहे, आणि साधूंचे आखाडे, अन्नछत्रे, मठ यांची तिथे पूर्वीपासून दाटी आहे. १९०१ च्या जूनमध्ये या गावात एका तरुण बंगाली संन्याशाने महिना तीन रुपये भाड्याने दोन खोल्या घेतल्या आणि आजारी पडलेल्या साधूंना व यात्रेकरूंना औषध द्यायला सुरुवात केली. त्याचे नाव कल्याणानंद, विवेकानंदांचा शिष्य. पुढे दोन वर्षांनी त्याच्या जोडीला निश्चयानंद नावाचा दुसरा संन्यासी आला. हा गडी मराठी. पूर्वाश्रमीचे नाव सूरजराव, आधी पलटणीतला शिपाई. दोघे मिळून रोग्यांना अंघोळ घालत, त्यांची मलमूत्राची भांडी उचलत, जखमा धूत, आणि पोटासाठी इतर साधूंसारखेच अन्नछत्रात जाऊन भिक्षा घेत. पण छत्रातल्या पंगतीत त्यांच्याशेजारी बसायला कोणी राजी नव्हते. कोणाचीही घाण उपसणारे, जात न विचारता कोणालाही हात लावणारे हे लोक संन्यासी कसले, हे तर ‘भंगी साधू’, असे तिथल्या साधुसमाजाने ठरवून टाकले आणि त्यांना वाळीत टाकले.

ही शिवी आज वाचतानाही बोचते, आणि ती दुहेरी बोचते. ती ज्यांना उद्देशून दिली त्या दोघांचा अपमान होताच. त्याहून मोठा अपमान ज्या जातीचे नाव शिवी म्हणून वापरले तिचा होता. त्याकडे पुढे येईन. पण निःस्वार्थ सेवा ही आत्मोन्नतीची वाट होऊ शकते का, या जुन्या प्रश्नाचा ऐतिहासिक पुरावा शोधायचा तर मला या शिवीइतका बोलका पुरावा दुसरा दिसत नाही. सेवेचे गोडवे सगळेच गातात. दानशूराच्या नावाची पाटी लागते, त्याला हार घातले जातात, त्याचा मान वाढतो. मान वाढवणारी सेवा लोकोपयोगी असेल, पुण्याची असेल. ती करणाऱ्याचा मीपणा तिने कमी होतो असे म्हणायला मात्र आधार सापडत नाही. हे दोघे ज्या रामकृष्ण मिशनचे होते त्याच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत, म्हणजे १८९७ ते १९१२ या काळात, सेवा हीच साधना असा दावा या देशात बहुधा प्रथमच एका संन्यासी संघाने आपले अधिकृत व्रत म्हणून केला. तो दावा खरा ठरला असेल, तर जिथे सेवा करणाऱ्याचे काहीतरी गेले तिथेच ठरला. प्रतिष्ठा गेली, सोवळे गेले, मोक्षाच्या मार्गावर आपण इतरांच्या पुढे आहोत हा भरवसा गेला. कनखलला हे सगळे एकदमच गेले.

या दाव्याच्या मुळाशी रामकृष्ण परमहंस आहेत, असे मिशनची परंपरा सांगते. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. १८६८ मध्ये आपले आश्रयदाते मथुरबाबू यांच्याबरोबर तीर्थयात्रेला निघालेले रामकृष्ण देवघरला थांबले. तिथल्या संथाळांची अन्नान्न दशा पाहून त्यांनी पुढे जायलाच नकार दिला. या सगळ्यांना एकेक वस्त्र, डोक्याला तेल आणि एक वेळचे पोटभर जेवण मिळाल्याशिवाय काशीला येत नाही, म्हणून ते त्या लोकांमध्ये जाऊन बसले. मथुरबाबूंना खर्च करावा लागला. १८८४ मध्ये दक्षिणेश्वरला वैष्णवांच्या आचाराविषयी बोलताना ते जीवदयेपाशी अडखळले आणि म्हणाले ते असे: जीवावर दया करणारे आपण कोण? त्याला शिव समजून त्याची सेवा करावी. तिथे बसलेल्या नरेंद्रने, म्हणजे पुढच्या विवेकानंदांनी, बाहेर आल्यावर मित्रांना सांगितले की आज मला अरण्यातला वेदान्त घरादारांत आणायची किल्ली मिळाली. हे एक तोंड झाले. दुसरे तोंड असे की, शंभुचरण मल्लिक या श्रीमंत भक्ताने दवाखाने, शाळा, रस्ते, विहिरी यांच्यासाठी पैसा लावण्याची इच्छा सांगितली, तेव्हा याच रामकृष्णांनी त्याला विचारले: देव समोर उभा राहिला तर त्याच्याकडे काय दवाखाने मागशील? जगाचे भले करायला निघालेल्या कृष्णदास पालांनाही त्यांनी असेच फटकारले होते. दोन्ही प्रसंग भक्तांनीच नोंदवून ठेवलेले आहेत. तेव्हा विवेकानंदांनी गुरूच्या नावावर आपलाच माल खपवला, हा आक्षेप काही विरोधकांच्या डोक्यातून निघालेला नाही. तो खुद्द शिष्यमंडळातूनच निघाला.

१ मे १८९७ रोजी कलकत्त्याच्या बागबाजारात बलराम बसूंच्या घरी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. सभा पांगल्यावर गुरुबंधू योगानंदांनी तोंडावरच विचारले की, हे सगळे विलायती थाटाचे आहे, ठाकुरांनी, म्हणजे रामकृष्णांनी, आपल्याला असले काही करायला सांगितले होते का? त्यांचा मुद्दा बिनतोड दिसतो. संस्था, सभासद, वर्गणी, ठराव, हिशेब ही रीत पाश्चात्त्य होती हे विवेकानंदांनीही कधी नाकारले नाही. ती अमेरिकेत पाहून आलो हे ते उघड सांगत. ख्रिस्ती मिशनऱ्यांचे दवाखाने आणि अनाथालये तर त्याआधी कित्येक दशके इथे चालू होती. पण रीत कुठून आली आणि हेतू कुठून आला, हे दोन प्रश्न निराळे आहेत. हेतूची बीजे इथलीच होती. काशीची कावड रामेश्वराला नेताना ती तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतणाऱ्या एकनाथांची गोष्ट मराठी घरांत शेकडो वर्षे सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्यांनी अमेरिका पाहिलेली नव्हती. १८९२ मध्ये विवेकानंद पुण्यात टिळकांच्या घरी उतरले होते. त्या मुक्कामाबद्दल टिळकांनी पुढे लिहिले, त्यात गीता संन्यास शिकवत नाही, फळाची आस न धरता कर्म करायला सांगते, या मुद्द्यावर दोघांचे जमल्याची आठवण आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ हा त्याच मुद्द्याचा विस्तार. फरक एवढाच की टिळकांना ते ग्रंथांच्या आधाराने सिद्ध करायचे होते, आणि विवेकानंदांना भगवी वस्त्रे घातलेल्या माणसांकडून ते करवून घ्यायचे होते. दुसरे काम जास्त अवघड. संन्यासी म्हणजे ज्याचे कर्म सुटले तो, ही समजूत हजार वर्षांची. आणि आता त्यालाच तांदळाची पोती मोजायला बसवायचे होते.

तांदूळ मोजण्याची सुरुवात मात्र कुठल्याही ठरावाने झाली नाही. सभा झाली त्याच महिन्यात विवेकानंदांचे गुरुबंधू अखंडानंद बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात एकटेच भटकत होते. १८९६-९७ चा तो भीषण दुष्काळ. दादपूर गावात एक मुसलमान मुलगी फुटलेल्या घागरीजवळ बसून रडताना त्यांना दिसली. घरात दुसरे भांडे नाही, आई मारील, म्हणून ती रडत होती. अखंडानंदांच्या गाठीला होते तेवढ्या पैशांतून त्यांनी तिला नवी घागर आणि थोडे मुरमुरे घेऊन दिले. तेवढ्यात दहा-बारा उपाशी पोरे त्यांच्याभोवती गोळा झाली. हिमालयात, तिबेटात फिरून आलेला हा संन्यासी तिथेच अडकला. १५ मेपासून महुला या गावी त्यांनी अन्नवाटप सुरू केले, मठातून माणसे आणि थोडे पैसे आले, आणि पुढे त्याच भागात सारगाछीला त्यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. आयुष्याचा बहुतेक भाग त्यांनी तिथेच काढला. विवेकानंदांची या काळातली पत्रे पाहिली तर त्यांत ब्रह्मज्ञानाइतकाच हिशेबाचा आग्रह दिसतो. एका कामासाठी आलेला पैसा, पुढच्या क्षणी उपाशी मरायची पाळी आली तरी, दुसऱ्या कामाला लावायचा नाही, अशी त्यांची ताकीद होती. हिशेबाची ही शिस्त मला या साधनेतली दुय्यम गोष्ट वाटत नाही. भावनेच्या भरात घागर घेऊन देणे कोणालाही जमते. रोज त्याच रांगेतल्या त्याच लोकांना तेवढेच तांदूळ मोजून देणे, कोणाचीही मर्जी न राखता, त्यात मनातले आवडते-नावडते घासून निघते. जपमाळ ओढण्याचे जे काम पूर्वीचे साधक सांगत, तेच काम इथे वजनकाट्याने केले.

प्लेगने मामला आणखी कडक केला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या अंमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरे झडतीला घेतली, आणि त्या संतापाचा शेवट २२ जूनला रँड यांच्यावर झालेल्या गोळीबारात झाला. एप्रिल १८९८ मध्ये कलकत्त्यात प्लेगच्या बातमीने पळापळ सुरू झाली तेव्हा पुण्याची हकिकत तिथल्या लोकांच्या कानांवर आलेलीच होती. विवेकानंद दार्जिलिंगहून मे महिन्याच्या सुरुवातीला उतरले, बंगाली आणि हिंदीत पत्रके काढून लोकांना धीर दिला, आणि पैसा कुठून आणायचा असे कोणी विचारताच, नुकतीच घेतलेली मठाची जागा विकू म्हणाले. जागा विकावी लागली नाही. साथीने जोर धरला तो पुढच्या वर्षी. १८९९ च्या मार्चअखेर मिशनने समिती नेमली. विवेकानंदांच्या शिष्या भगिनी निवेदिता तिच्या चिटणीस आणि स्वामी सदानंद प्रत्यक्ष कामाचे प्रमुख. बागबाजार, श्यामबाजारच्या वस्त्यांमधली कित्येक वर्षांची घाण गाड्या भरभरून बाहेर काढली गेली. सफाई कामगार मिळेनात तेव्हा निवेदितांनी स्वतः झाडू हातात घेतला आणि गल्लीतली पोरे लाजून बाहेर आली. डॉक्टर राधागोविंद कर यांनी सांगून ठेवलेली एक हकिकत आहे. चैत्रातल्या भर दुपारी ते घरी परतले तर दारात निवेदिता बसलेल्या, बागबाजारच्या वस्तीतल्या एका प्लेग झालेल्या मुलाची चौकशी करायला. मुलाची आई आधीच गेलेली. लागण फार वाईट आहे, जपून राहा, असे डॉक्टरांनी बजावले. संध्याकाळी ते त्या वस्तीत गेले तर ओलसर, अंधाऱ्या झोपडीत त्या मुलाला मांडीवर घेऊन त्या बसलेल्या. पुढचे दिवस-रात्री त्या तिथेच राहिल्या. घर शुद्ध करायचे म्हणून लहान शिडीवर चढून भिंतींना चुना फासला. मूल वाचले नाही. ते त्यांनाच आई समजून गेले.

इथे दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, निवेदितांच्या झाडूने त्यांचा मान वाढला. मेमसाहेब गल्ली झाडते हे दृश्य शहरभर बोलले गेले. गोऱ्या कातडीला जी प्रतिष्ठा आधीपासून होती ती झाडूने खाली आली नाही. त्यांची तळमळ उणी होती असे मी मुळीच म्हणत नाही, झोपडीतल्या त्या रात्री कोणाला दाखवण्यासाठी काढलेल्या नव्हत्या. पण सेवेने सेवकाची पायरी उतरते की चढते, हे तो मुळात कोण आहे यावर फार अवलंबून असते. दुसरी गोष्ट पुण्यातली. कलकत्त्याच्या दोन वर्षे आधी, १८९७ मध्ये, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात आल्या, आणि त्यातच लागण होऊन १० मार्चला गेल्या. त्यांनी याला साधना म्हटले नाही. मोक्ष, शिवभाव, वेदान्त यांतले काही त्यांना लागले नाही. सत्यशोधकी माणुसकी पुरली. मग सेवेला अध्यात्माची जोड हवीच कशाला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर टाळता येणार नाही. माझे उत्तर असे की सेवेला अध्यात्म लागत नाही, हे सावित्रीबाईंनी दाखवलेच आहे. पण इथे चर्चा चालली आहे ती अध्यात्माला सेवा लागते की नाही याची. जो माणूस मुक्तीच्या मागे घर सोडून निघाला त्याला रोग्याच्या खाटेपाशी थांबवता येते का, आणि थांबवले तर त्याच्या शोधाचे नुकसान होते की फायदा, हा तो मुद्दा. सावित्रीबाईंना तो प्रश्नच पडलेला नव्हता. संन्याशांना तो टाळता येत नव्हता.

काशीत तो आणखी धारदार झाला, कारण काशीत मरणे म्हणजेच मुक्ती. तिथे मरायला म्हणून आलेल्या म्हाताऱ्या, विधवा, निराधार माणसे पैसे संपले की रस्त्यावर पडत, आणि पाहणाऱ्याला त्यात फारसे काही वाटत नसे. मुक्तीच मिळणार आहे, मग दुधाचा पेला कशाला? १३ जून १९०० रोजी यामिनीरंजन मजुमदार या तरुणाला अशीच एक मरणोन्मुख म्हातारी रस्त्याकडेला दिसली. त्याने चार आणे मागून आणले आणि तिला काही खाऊ-पिऊ घातले. तो, चारुचंद्र दास आणि केदारनाथ मौलिक यांनी मिळून गरिबांना मदत करणारी एक छोटी मंडळी उभी केली. विवेकानंदांची ‘सखार प्रति’ ही बंगाली कविता त्यांनी वाचलेली होती, तेवढीच दीक्षा. पण १९०२ च्या सुरुवातीला विवेकानंद काशीला आले तेव्हा त्यांनी या पोरांची पाठ थोपटताना एक कानउघाडणीही केली. दुसऱ्याचे दुःख निवारणारे तुम्ही कोण? मदतनीस म्हणवून घेण्याची ऐट सोडा, सेवा म्हणा. त्या मंडळीचे नाव बदलून सेवाश्रम झाले. आता नाव बदलल्याने रोग्याच्या औषधात काही फरक पडला नाही हे उघड आहे. फरक पडायचा तो औषध देणाऱ्याच्या मानेत. आपण वरून खाली देतो आहोत हा समज काढून घ्यायचा हे धोरण होते, आणि ते शब्दांत सांगणे सोपे, अंगी बाणवणे महाकठीण.

कनखलला ते परिस्थितीनेच अंगी बाणवले. या कामाची कल्पना विवेकानंदांच्या १८९० मधल्या अनुभवातून आली होती. हृषीकेशला तापाने ते मरता मरता वाचले होते, आणि तिथे साधू आजारी पडला तर त्याला विचारणारे कोणी नसते हे त्यांनी स्वतः भोगले होते. ज्याने सगळे सोडले त्याला आजारपणातही सगळ्यांनी सोडलेले असायचे. अन्नछत्रे होती, पण पंगतीपर्यंत चालत जाईल त्याच्यासाठी. कुंभमेळ्यांच्या मागोमाग कॉलरा येई आणि लोक पटापट मरत. कल्याणानंदांना गुरूने, म्हणजे विवेकानंदांनी, तिकडे पाठवले ते बंगाल विसर असे सांगून, आणि त्यांनी ते अक्षरशः पाळले. मिशनच्या आठवणींप्रमाणे ते पुन्हा बंगालमध्ये गेलेच नाहीत. निश्चयानंद औषधांची पेटी घेऊन कनखलहून हृषीकेशपर्यंत पायी जात, तिथल्या झोपड्यांमधून आजारी साधू शोधत आणि परत येत. पलटणीच्या शिस्तीचा माणूस. गुरूने सांगितले म्हणजे हुकूम सुटला, त्यापुढे वेदान्ताची चिकित्सा करायची त्याला गरज वाटत नव्हती. १९०३ मध्ये जमीन घेतली गेली, हळूहळू इमारती उठल्या. आणि या सगळ्या काळात ज्यांची सेवा चालली होती त्या साधुसमाजातच हे दोघे अस्पृश्य होते. आजारी पडल्यावर यांच्या हातचे औषध घ्यायचे आणि बरे झाल्यावर यांच्या पंगतीला बसायचे नाही, असा व्यवहार. त्यांनी त्याविरुद्ध वाद घातल्याची नोंद नाही. छत्रात एका बाजूला बसून भाकरी घ्यायची आणि परत येऊन जखमा धुवायच्या, असे चालू राहिले.

हा बहिष्कार सुटला तो एका अधिकारी माणसामुळे. हृषीकेशच्या कैलास आश्रमाचे संस्थापक धनराज गिरी हे त्या काळातले नावाजलेले वेदान्ती. विवेकानंदांचे गुरुबंधू अभेदानंद त्यांच्यापाशी शिकलेले. सेवाश्रमाच्या परंपरेत सांगतात की एका मोठ्या भंडाऱ्याला सगळे साधू जमले असता धनराज गिरींनी या दोघांची चौकशी केली, ते आलेले नाहीत आणि का आलेले नाहीत हे कळल्यावर त्यांना मुद्दाम बोलावून घेतले, सर्वांसमक्ष मिठी मारली, आपल्याजवळ जेवायला बसवले आणि खरे संन्यासी हेच आहेत असे जमलेल्यांना सुनावले. गोष्ट भक्तांनी सांगितलेली आहे, तेव्हा तिच्यावर थोडी कल्हई चढली असेल. पण तिचा गाभा मला पटतो, कारण धनराज गिरी हे काही समाजसुधारक नव्हते. कर्माने मोक्ष मिळत नाही, ज्ञानानेच मिळतो, हे शांकरमताचे ब्रीद ते शिकवत. त्या मताप्रमाणेही चित्तशुद्धीसाठी निष्काम कर्म लागतेच. वाद एवढाच की संन्याशाला ते अजून उरलेले असते का. धनराज गिरींनी ग्रंथ सोडून माणसे पाहिली आणि ठरवले. ज्यांची चित्तशुद्धी झाली असे समजायचे ते पंगतीत जात पाहत होते, आणि ज्यांना ती अजून करायची होती ते बाजूला बसून मुकाट जेवत होते. शास्त्राच्या कसोटीवरही कोण पुढे गेले होते हे त्यांना दिसले असावे.

मिशनच्या घरातला वाद मिटायला आणखी काही वर्षे लागली. रामकृष्णांची बोलणी ज्यांनी लिहून ठेवली ते ‘म’, म्हणजे महेंद्रनाथ गुप्त, यांना इस्पितळे चालवणे हे ठाकुरांच्या शिकवणीला धरून आहे असे वाटत नसे, आणि त्यांच्या हाती शंभू मल्लिकाचा पुरावा होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये रामकृष्णांच्या पत्नी शारदादेवी काशीला आल्या. त्यांना पालखीत बसवून सेवाश्रमाच्या खोल्याखोल्यांतून नेले. सगळे पाहून त्या म्हणाल्या की ठाकूर इथे प्रत्यक्ष आहेत, आणि दहा रुपयांची नोट देणगी म्हणून दिली. ती नोट सेवाश्रमाने जपून ठेवली आहे. तिथेच असलेल्या ‘म’ना हे सांगितल्यावर त्यांनी हसून माघार घेतली. इतिहासकार म्हणून मला इथे एक शंका आहे: वादाचा निकाल दाखल्याने लागला नाही, गुरुपत्नीच्या शब्दाने लागला, आणि त्याला पुरावा म्हणत नाहीत. पण शंभू मल्लिकाच्या गोष्टीकडे नीट पाहिले तर तिचा रोख दवाखान्यावर नव्हताच. धनाढ्य माणूस आपल्या नावाने दवाखाने उभारायचे म्हणतो आणि त्यालाच परमार्थ समजतो, या समजावर तो होता. देवघरच्या संथाळांमध्ये जाऊन बसलेला माणूस आणि शंभूला टोकणारा माणूस एकच आहे, त्यात विसंगती नाही. फरक बसण्याच्या जागेचा होता. शंभू वरून देऊ पाहत होता, रामकृष्ण खाली जाऊन बसले होते.

मला अधिक जड वाटणारा आक्षेप निराळा आहे. आपल्या आत्म्याच्या उन्नतीसाठी रोग्याची सेवा करायची, म्हणजे रोगी हे साधन झाले. ज्याच्या पाठीवर पाय देऊन वर चढायचे तो दगड. त्यापेक्षा सरकारी दवाखान्यातला पगारी कंपाउंडर प्रामाणिक, त्याला निदान पगाराशिवाय काही नको असते. हा आक्षेप कित्येक सेवाभावी संस्थांना तंतोतंत लागू पडतो, आणि तो लागू पडतो की नाही हे ओळखायला एक खूण आहे: रोगी बरा झाला, त्याने आभार मानले नाहीत, उलट तोंड फिरवले, तर सेवकाचे काय होते? कनखलला हीच परीक्षा रोज होत होती. बरे झालेले साधू त्यांना टाळत होते. सेवेतून काही कमवायचे असते तर तो व्यवहार तोट्याचा म्हणून दोघांनी दुकान बंद केले असते. निश्चयानंद १९३४ मध्ये आणि कल्याणानंद १९३७ मध्ये वारले. तोवर दोघे तिथेच होते.

आणि आता ती शिवी. भंगी म्हणून ज्यांना हिणवले जाई त्या लोकांनी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले, आणि त्यांना कोणी साधक म्हटले नाही. सुशिक्षित बंगाली तरुणाने मैल्याची भांडी उचलली की ती साधना, आणि जन्माने ते नशिबी आलेल्याने उचलली की तो विटाळ, हा काय न्याय? बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे, गांधींच्या भंगीकामाच्या गौरवावर लिहिताना, याच जागी बोट ठेवले: या कामाला पवित्र ठरवणे म्हणजे जे ते करतात त्यांना त्यातच डांबून ठेवण्याची सोय आहे. हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्यामुळेच कनखलची बाजू उलट अधिक स्पष्ट होते. साधना ही निवडावी लागते. ज्याला निवड नाही, ज्याला ते काम सोडून दुसरे करू दिले जात नाही, त्याच्या कष्टाला साधना म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. कल्याणानंद आणि निश्चयानंद यांनी तो शब्द वापरला तो फक्त स्वतःपुरता. तुमचे काम पवित्र आहे, ते सोडू नका, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. उलट, जन्माने उच्च मानले जाणारे लोक जे काम करत नाहीत ते आपल्या हातांनी करून, ते काम एका जातीचे असते हा समज त्यांनी त्या एका गावात खोटा पाडला. एका गावातच, हे मात्र खरे. काम जातीला बांधून ठेवणारी व्यवस्था त्यांनी मोडली नाही, मोडायला निघालेही नव्हते. दुष्काळात महुलाला तांदूळ वाटणाऱ्यांनी दुष्काळ कोणाच्या सारापद्धतीने पडला हे विचारले नाही, तसेच हे.

ही उणीव त्या काळातच काहींनी ओळखली होती. गोखल्यांनी १९०५ च्या जूनमध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्याच्या प्रस्तावनेत सार्वजनिक जीवनाला अध्यात्माची बैठक हवी असे म्हटले होते, सभासदांना देशासाठी सर्वस्व वाहण्याची शपथ होती, पण कामाचे स्वरूप अभ्यास, कायदा, लोकमत असे होते, कारणांकडे पाहणारे. विठ्ठल रामजी शिंदे १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन काढून आणखी पुढे गेले. कनखलचे दोघे या वाटेने गेले नाहीत. त्यांच्या कामाचा आवाका दोन खोल्यांपासून एका इस्पितळापर्यंत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या रोग्यांपुरता राहिला. सेवेमुळे समाज बदलतो असा दावा त्यांच्या चरित्रातून काढता येत नाही, आणि मी काढत नाही. सेवा करणारा बदलतो, एवढाच दावा निघतो, तोही अटीवर: सेवेपायी त्याला आपल्याच मंडळींच्या पंगतीतून उठावे लागले, आणि उठवल्यावरही त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाची पेटी उघडली, तर. कनखलचा सेवाश्रम आजही चालू आहे, आणि साधू तिथे उपचाराला येतात.